ताईचे कायमचे ओठ

माझ्या ताईचे ओठ तिच्या आधी घरात येतात, असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती मनापासून हसली होती. तेव्हा ओठ नवे होते. आता तिला हसायचं असेल तर आधी ठरवावं लागतं, कुठल्या बाजूनं.

मी नकला करतो. राहतो मंचरला. आजूबाजूला कुणाची हळद असो, शाळेचं गॅदरिंग असो, पतसंस्थेचा वर्धापनदिन असो, दोन तास लोकांना बसवून ठेवायचं असलं की मला बोलावतात. लोकांना वाटतं नक्कल घशातून येते. घसा सगळ्यांचा थोडाफार सारखाच असतो राव. माणूस वेगळा होतो तो ओठाशी आल्यावर. आमच्या हेडमास्तरांच्या खालच्या ओठात कायम तंबाखूची चिमूट असायची, त्यामुळे ते 'प'ला घाबरायचे. परीक्षा आली की म्हणायचे, "ते आलंय जवळ, नीट राहा." तेवढ्यावर मी आठवीत पहिलं बक्षीस घेतलं आणि त्यांच्याच हातून घेतलं. तेव्हापासून कुणीही समोर आलं की मी डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. त्यावरून दोनदा मार खाता खाता वाचलोय.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. खोडदच्या शिवारात दिलीय. सासरची माणसं पूर्वी मेंढ्या घेऊन फिरायची. आता कांदा-टोमॅटो करतात, पण वीस-पंचवीस मेंढ्या अजून दारात आहेत, कारण सासूबाईंना मेंढरांच्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. तिथं आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी सरकारी दुर्बीण आहे, तिच्या मोठ्या तबकड्यांच्या कडेनं त्या मेंढ्या चरतात. सासूबाईंच्या मते त्या तबकड्या म्हणजे सरकारनं घमेली उताणी करून ठेवलीत आणि पावसात काढायला विसरलेत.

आणि ताई मंगलाष्टका म्हणते. पूर्वी आमच्याकडे भटजी म्हणायचे आणि एखादी हौशी आत्या माइक ओढून घ्यायची. आता तसं चालत नाही. आता मंगलाष्टका म्हणणारी बाई वेगळी सांगावी लागते, सोबत कॅसिओवाला, आणि आठ कडव्यांत दोन्हीकडचे आजोबा, पंजोबा, चुलते, माजी सरपंच सगळे बसवायचे. एखादा चुलता राहिला तर तो जेवत नाही. ताईचं कसब यातच. कितीही वाकडी आडनावं द्या, ती चालीत बसवणार. आणि आवाज असा, की मांडवाच्या टोकाला पान लावत बसलेला माणूससुद्धा हातातलं पान तसंच धरून ऐकतो.

चार वर्षांपूर्वी नारायणगावच्या एका कार्यालयात नवा एलईडी पडदा आला. ताई म्हणत होती आणि कॅमेरावाल्यानं तिचं तोंड त्या पडद्यावर घेतलं, भिंतीएवढं. घरी आल्यावर ती मला म्हणाली, "एवढ्या मोठ्या पडद्यावर माझे ओठ म्हंजे नुसती रेघ रे. पाटीवर मारल्यासारखी."

"मग काय करणार आहेस, दुसरी रेघ मारणार?"

तिनं खरंच मारली. पुण्यात एका सोसायटीत फ्लॅटमध्ये एक बाई ओठ भरून द्यायची. ती डॉक्टर होती की नव्हती हे ताईनं विचारलं नाही. बाईच्या अंगात पांढरा कोट होता, तेवढं पुरलं. बाईनं दोन प्रकार सांगितले. एक असा, की वर्षभरात आपोआप विरघळून जातो, मग परत यायचं. दुसरा कायमचा. आता आमच्या भागातला माणूस यातलं काय घेणार हे सांगायला नको. आम्ही द्राक्षाचा मांडव बांबूचा घालत नाही, लोखंडी अँगलचा घालतो. घर एक मजली बांधलं तरी वर सळया उभ्या ठेवतो. तात्पुरतं घेणं म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे असं आम्हाला वाटतं. ताई म्हणाली, "दर साली कोण जाणार? येकदाच पक्कं करा." मांडव पक्का घातला तरी गॅस कटर आणून तो काढता येतो. ओठातून कसं काढणार, हे तिनं विचारलं नाही आणि बाईनं सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, पहिली तीन वर्षं ओठ छान दिसायचे. सासरी तिनं सांगितलं की नवीन लिपस्टिक आहे. दाजींना काही कळलं नाही. दाजींना घराचा रंग बदलल्याचंही आठ दिवसांनी कळलं होतं.

मग गेल्या आषाढात ताईची दाढ दुखायला लागली. दाताच्या डॉक्टरनी दाढेत काहीबाही भरलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आधी काही ट्रीटमेंट झालीय का तोंडात?" ताई म्हणाली, "न्हाई." आता त्या डॉक्टरची बायको दाजींच्या भावकीतली. तिथं खरं बोललं असतं तर संध्याकाळपर्यंत ते खोडदला पोचलं असतं, ताईच्या आधी. आमच्याकडे हीच अडचण आहे. डॉक्टर चांगले आहेत, पण सगळे पावणे लागतात.

महिन्यानं वरचा ओठ सुजला. मग खालचा. उजव्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ आली, मग तिच्या शेजारी दुसरी. ताईनं मास्क लावला आणि सगळ्यांना सांगायला लागली की घसा बसलाय.

मी राखीला गेलो तेव्हा सासूबाई अंगणात वाट बघत बसलेल्या. मला खाली बसू न देता म्हणाल्या, "पावणं, तुमच्या भैनीला मावा झालाय."

"मावा म्हंजे काय वो मावशी?"

"कोकरांच्या तोंडाला व्हतो त्यो. वट सुजत्यात, खपल्या धरत्यात. ही कोकराला बाटलीनं दूध पाजत व्हती नव्हं, तितनं लागला. मानसालाबी लागतो, आमच्या चुलतीच्या बोटाला झालता."

ताई दारात मास्क लावून उभी होती. सासूबाईंच्या पाठीमागून तिनं मला मान हलवली. गप्प बस, असं. मी गप्प बसलो. माझ्यासारख्याला ते किती जड गेलं असेल ते बघा.

त्या दिवसापासून ताईच्या ओठांना सकाळ-संध्याकाळ हळद आणि लोणी. लोणी घरचं. तिचा तांब्या वेगळा, ताट वेगळं. मेंढरांच्या वाड्यात जायची बंदी, कोकरांना उलटून लागेल म्हणून. म्हणजे शेण काढायचं सुटलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, ताईची एवढी काळजी त्या घरात कुणी घेतली नव्हती, आणि त्यामुळेच खरं सांगणं दिवसेंदिवस अवघड होत गेलं. सासूबाई रोज उजेडात तिची हनुवटी वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "आज उतरल्यावानी वाटतंय."

एकदा मी तिथं होतो, कोकराच्या आवाजात म्हणालो, "मला न्हाई वाटत." ताईला हसू आलं आणि हसता हसता तिचा खालचा ओठ फुटला. रक्त हनुवटीपर्यंत आलं. तिनं ते पदरानं टिपलं. त्यानंतर मी तिच्यासमोर कोकरू काढलं नाही.

त्यातच नणंदेचं लग्न ठरलं. मार्गशीर्षातली तारीख. सुपारी फुटली त्याच बैठकीत सासूबाईंनी सगळ्या पावण्यांना ऐकवलं, "मंगलाष्टकाला बाहीरची बाई सांगायची न्हाई. माझी सून म्हननार." पावण्यांनी माना डोलावल्या. ताईनं मास्कच्या आत काय केलं ते कुणाला दिसलं नाही, पण मला तिचे डोळे दिसले. नाइलाजानं मी त्या दिवशी डोळे बघितले.

मावा काही उतरेना. भाद्रपदात जनावरांचे डॉक्टर मेंढ्यांना लस द्यायला आले. मी दाजींकडे टोमॅटोचे क्रेट मागायला आलो होतो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलं. लस देऊन झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, आजून येक पेशंट हाये आतमधी."

डॉक्टर पिशवी घेऊन आत आले आणि ताईला बघून दारातच थांबले.

"मावशी, मानसाचं मला बघता येत न्हाई. लायसन जाईल माझं."

"हात लावू नगा. नुसतं बघा. मेंढरालाबी तुमी कुठं हात लावता, लांबूनच तर बघता."

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी ताईला मास्क काढायला सांगितला आणि उजेडात उभं केलं. किती दिवस झाले विचारलं. ताई म्हणाली, दोन महिने होत आले. "मावा यवढे दिवस राहात न्हाई," ते म्हणाले. "औषध द्या न द्या, महिन्या-दीडमहिन्यात जातो." मग तिलाच तिच्या बोटानं गाठ दाबायला लावली. घट्ट आहे का, सरकते का, दुखते का. मग सासूबाईंना म्हणाले, "मावशी, जरा च्या टाकता का? कमी साखरेचा."

सासूबाई आत गेल्यावर त्यांनी आवाज खाली केला. "लाळ-खुरकताची लस दिली की एखाद्या म्हशीच्या मानेला गाठ येते. तेलातली लस असते. ते तेल अंगाला पचत न्हाई, मग अंग त्याच्याभोवती भिंत बांधून घेतं. मला ही गाठ तशी वाटतीय. ताई, तुमी ओठात काही भरून घेतलंय का?"

जे तिनं नवऱ्याला, सासूला, दाताच्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं, ते तिनं जनावरांच्या डॉक्टरला मान हलवून सांगितलं.

"मग पुण्याला चांगल्या सर्जनकडं जा. आणि जायच्या आधी काय भरलंय त्याचं नाव काढा. ते कळल्याशिवाय पुढचं ठरत न्हाई."

"तुमी कुणाला सांगनार न्हाई ना?"

"माझे पेशंट बोलत न्हाईत," डॉक्टर म्हणाले. "मलाबी सवय राहिली न्हाई."

नाव कुठून काढणार? ताईला फक्त एवढंच आठवत होतं की बाटलीवर सोनेरी अक्षरं होती. त्या पुण्याच्या बाईला तिनं गाठीबद्दल कळवलं होतं, तेव्हापासून बाईनं तिचा फोन घेणं बंद केलं होतं. मग ताई माझ्याकडे बघायला लागली. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा तिला माझ्या धंद्याचा उपयोग दिसला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नारायणगावला दाजींच्या पिकअपमध्ये काचा वर करून बसलो. दाजी मार्केटात. मी माझ्या फोनवरून ओठ भरणाऱ्या बाईला लावला आणि पुण्यातली एक बडी गिऱ्हाईक झालो. हा आवाज मी एका लग्नातल्या वरमाईकडून उचललाय. ती प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडी दमते, जणू वाक्य तिनं जिन्यानं वर आणलंय. फोन स्पीकरवर ठेवला.

"हॅलो, अहो मला ना, लिप्स करायचेत. पण ते दरवर्षीचं नको बाई."

"मग तुम्ही परमनंटच करा मॅडम. एकदाच काय तो त्रास."

"त्यात असतं काय पण? आमचे हे फार खोलात जातात हो."

"लिक्विड सिलिकॉन, मॅडम. बाहेरून येतं. एकदा बसलं की बसलं."

ताईनं क्रेटच्या चिठ्ठीवर लिहून घेतलं.

"आणि समजा, नकोसं झालं तर?"

"नकोसं कशाला होईल, मॅडम? जुन्नर साइडच्या एक ताई आहेत आपल्याकडे, मंगलाष्टका म्हणतात. चार वर्षं झाली, अजून तस्से आहेत ओठ. थांबा, फोटो पाठवते."

फोन ठेवायच्या आत फोटो आला. नाकाखालपासून हनुवटीपर्यंतच, हसणारे ओठ. कडेचा तीळ आमच्या घरातला. ताईनं फोन माझ्या हातातून घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बराच वेळ बघत बसली.

"चांगले दिसत व्हते ना रे," ती म्हणाली.

मी पिकअपची काच खाली केली.

आता घरी सांगणं भाग होतं. ताई स्वयंपाकघरात सासूबाईंसमोर बसली आणि मला साक्षीदार म्हणून दाराशी बसवलं. तिनं पडदा, पुणे, बाई, सिलिकॉन, दाढ, सगळं एका दमात सांगितलं. सासूबाई घेवडा निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"म्हंजे मावा न्हाई."

"न्हाई आत्या."

"मंग मी दोन म्हैनं लोणी कशाला लावलं?"

माझ्याकडे दोन उत्तरं होती, ती मी गिळली.

"घरचं लोणी," सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तुला बघाया आलो तवा तू आत गानं म्हनत व्हतीस. आमी वसरीवर. त्ये ऐकूनच मी यांना म्हनलं, हीच करायची. वट कसं हायेत त्ये मी आजपातुर बघितलं नव्हतं. मावा झाला तवा पयल्यांदा बघितलं." घेवडा संपला. त्यांनी सूप झटकलं. "लगीन दोन म्हैन्यावर आलंय. तुला म्हनाया येनार का न्हाई, यवढं इचारून ये डॉक्टरला. न्हाईतर मला दुसरी बाई बघाया लागंल, आन मी चार मानसात बोलून बसलीये."

पुण्याची सर्जन बाई तरुण होती आणि बोलायला सरळ. चिठ्ठीवरचं नाव वाचून तिनं ती चिठ्ठी फाइलला टाचली. विरघळणारा प्रकार असता तर एका इंजेक्शनवर उतरवता आला असता, म्हणाली. हे विरघळत नाही. चार वर्षांत ते मांसात पसरलंय, पिठात वाळू पडावी तसं. पीठ फेकल्याशिवाय सगळी वाळू निघत नाही आणि ओठ काही फेकता येत नाही. दाढेच्या वेळी जंतू रक्तात गेले असतील, ते त्या सिलिकॉनवर जाऊन बसले असतील. असं वर्षानुवर्षांनीही होतं.

"मोठ्या गाठी आतल्या बाजूनं कापून काढू," ती म्हणाली. "बाकीचं राहील. परत सूज येणार नाही असं मी लिहून देणार नाही. ओठ थोडा ताठ राहील, काही भाग बधिर राहू शकतो."

"मला गायचंय," ताई म्हणाली.

"लग्नानंतर करता आलं असतं, पण आत पू आहे. थांबता येणार नाही. आधी औषधं, मग ऑपरेशन. गाणं किती येईल ते मला आज सांगता नाही येणार."

आश्विनात ऑपरेशन झालं. टाके आतून, त्यामुळे बाहेरून काही दिसायचं नाही, फक्त ताई पंधरा दिवस पातळ खिचडीवर. सूज उतरली. गाठी गेल्या, एक बारकी राहिली. पण खालच्या ओठाचा उजवा भाग बधिर झाला. चहा प्यायली की थेंब हनुवटीवरून खाली यायचा आणि तिला कळायचंच नाही. म्हणायला बसली की स्वर ठीक, पण ओठ मिटायला लागतील अशी अक्षरं आली की घात. ओठ मिटलाय की उघडा आहे हेच तिला कळेना. 'शुभमंगल' म्हणायचं तर त्यात 'भ' आहे, 'म' आहे. आणि मंगलाष्टकेत दुसरं असतंच काय.

दिवाळीनंतर मी माझा बेत काढला. लग्नात ताई माइक धरून उभी राहील. मी साउंडवाल्याच्या मागं, दुसरा माइक घेऊन. आवाज मी काढीन, तिचा. भावाला बहिणीचा आवाज येणार नाही तर कुणाला येईल? ताई तयारही झाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. म्हणाली, "कर बघू."

मी पुढच्या खोलीत बसून दोन कडवी म्हटली. खरं सांगतो, मला स्वतःला अंगावर काटा आला. तिचा श्वास, शेवटच्या शब्दाला थोडं वर जाणं, सगळं आलं. सासूबाई परसदारी भांडी घासत होत्या. तिथनं त्या हात पुसत आल्या, डोळे भरलेले. "आली गं माझ्या सुनंला वाचा," म्हणत त्या दारात आल्या आणि मला बघितलं. ताई माझ्या शेजारी तोंड मिटून बसली होती.

नकलेचं यश यापेक्षा मोठं असत नाही. माझ्या सगळ्या कार्यक्रमांत मला कधी अशी दाद मिळाली नव्हती, आणि मला जमीन दुभंगून आत जावंसं वाटत होतं.

सासूबाई निघून गेल्यावर ताई म्हणाली, "म्हंजे मी नसले तरी भागतंय."

"तसं न्हाई गं ताई."

"तसंच हाये. तू नको म्हनू. फाटका निघाला तरी माझा निघू दे."

मग आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो, आणि ती वाट मला नक्कल शिकताना सापडलेली. नवीन माणूस उचलायचा असला की मी आधी आवाज काढतच नाही. त्याच्यासमोर बसतो आणि नुसतं त्याचं तोंड माझ्या तोंडावर घेतो. आवाज नंतर आपोआप येतो. आता उलटं करायचं होतं. ताईला तिचा ओठ कळत नव्हता, पण माझा दिसत होता. तिच्यासमोर हातभर अंतरावर बसून मी नुसतं तोंड हलवायचो, आवाज बंद. ती माझ्या तोंडाकडे बघत म्हणायची. मी ओठ मिटले की ती मिटायची. आरशातही करून बघितलं, पण आरशात ती चूक झाली की तिथंच थांबायची. माझ्यासमोर थांबायची नाही, कारण मी थांबत नव्हतो.

पहिले आठ दिवस 'भ'च्या जागी नुसती हवा. मी म्हणालो, "ताई, फुगा फुगवायचा न्हाई, नवरा-नवरीला आशीर्वाद द्यायचाय." तिनं चिमटा काढला. चौदाव्या-पंधराव्या दिवशी 'म' बसला. दाजी बाहेरून येऊन म्हणाले, "हा आसा गप बसून तोंड का हलवतोय, दातात काय अडकलंय का?" दाजींना सगळं सांगितलेलं होतं, पण दाजींचं मी आधीच सांगितलंय.

लग्न ओझरजवळच्या कार्यालयात. अंतरपाट धरला, मंडपात अक्षता वाटल्या. ताई मास्कशिवाय उभी. मी भटजींच्या डाव्या अंगाला, तिच्या बरोबर समोर. तिनं सुरुवात केली. पहिल्या कडव्यात आवाज नेहमीपेक्षा हळू, पण तिचाच. तिचे डोळे माझ्या तोंडावर. मी आयुष्यात एवढं नीट तोंड कधी हलवलं नाही. दुसऱ्या कडव्यात नवऱ्या मुलाचे पंजोबा आले, त्यांच्या नावात दोन 'भ'. पहिला 'भ' गेला हवेत. दुसरा बसला.

तिसरं कडवं अर्ध्यावर असतानाच मागच्या रांगेतून, लग्न लागल्यासारख्या, मुठीच्या मुठी अक्षता पडायला लागल्या. लोकांना भूक लागलेली, त्यांचा काय दोष. सासूबाई नवरीच्या शेजारी उभ्या होत्या. त्या वळून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आजून पाच कडवी हायेत. ज्येला घाई आसंल त्येनं घरी जाऊन खावं." मांडवातल्या मुठी मिटल्या. ताईला हसू आलं, ओठ एका बाजूनंच वर गेला, आणि ती तशीच, वाकड्या ओठानं, पुढचं कडवं म्हणाली. ते सगळ्यात चांगलं झालं.

शेवटचं 'शुभमंगल सावधान' आलं तेव्हा मी तोंड उघडायला एक क्षण उशीर केला. मुद्दाम नाही, मी तिचं ऐकण्यात अडकलो होतो. ती माझ्यासाठी थांबली नाही.

जेवणाच्या पंगतीत वरपक्षाकडच्या एक बाई ताईकडे आल्या. त्यांच्या पुतण्याचं लग्न माघात होतं. "तुमचं म्हनणं आवडलं आमाला," त्या म्हणाल्या. "हळू म्हनता, पन नावं नीट कळत्यात. ते वट सुजल्यावानी का दिसत्यात वो?"

"सिलिकॉन हाये," ताई म्हणाली. "काढलंय निम्मं. निम्मं राहिलंय."

"आसं व्हय," बाई म्हणाल्या, आणि तारीख सांगितली.

ताईनं मठ्ठ्याचा पेला खाली ठेवला, हनुवटी पुसली आणि पंगतीत वाढत असलेल्या माझ्याकडे बघून मोठ्यानं विचारलं, "ए, माघात तू मोकळा हायेस का? तोंड घेऊन ये. आवाज घरी ठेवून."